पेन्शनची तीन कोटेशनं

माझ्या सासऱ्यांनी बावीस वर्षांत मला एकदाही "कसं काय, बरं हाय का?" असं विचारलेलं नाही. ते विचारतात, "लागली का?"

फोन उचलला की हेच. दौंडला त्यांच्या दारात गेलो की चप्पल काढायच्या आत हेच. आम्हाला मुलगी झाली तेव्हा ते दवाखान्यात आले, पाळण्यात डोकावले, नातीच्या मुठीत नोट सरकवली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लागली का?" मी म्हणालो, "लागंल मामा." ते "बरं" म्हणाले आणि मग बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर बोलायला लागले.

लागली का, म्हणजे पेन्शन लागली का. हे प्रकरण आमच्या लग्नाच्या बैठकीपासूनचं आहे. सासरे रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा टाकायचा, ठरलेल्या किलोमीटरांतून रोज रुळावरून पायी चालायचं आणि प्रत्येक चावी, प्रत्येक बोल्ट जागेवर आहे की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. असा माणूस जावई बघायला बसला, तर तो काय काय तपासेल या धास्तीनं आम्ही कवठ्याहून पूर्ण तयारी करून गेलो होतो. जमीन किती, विहिरीला पाणी किती, भाऊ किती, सगळी उत्तरं पाठ. सासऱ्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि एकच प्रश्न टाकला, "पेन्शन हाय का?"

मी नुकता रांजणगावच्या एमआयडीसीत रंगकामाचा कॉन्ट्रॅक्टर झालो होतो. म्हणजे माझ्याकडे दोन माणसं होती, एक स्प्रे गन होती आणि छापून आणलेली व्हिजिटिंग कार्डं होती. पेन्शन कुठली? पण माझ्या शेजारी माझे चुलते, तात्या, बसले होते. ते सोसायटीच्या राजकारणात मुरलेले, 'न्हाई' हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलेला नव्हता. ते पापणी न हलवता म्हणाले, "लागंल की! कॉन्ट्रॅक्टर लोकांना मागनं लागती."

"मागनं म्हंजी कवा?"

"काम वाढलं की."

सासरे माझ्याकडे बघत राहिले. मी खाली सतरंजीकडे बघत राहिलो. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "आवं माणूस बघा की! पेन्शन काय बघत बसलाय?" सगळे हसले आणि त्या हसण्यात माझं लग्न ठरलं. पण सासऱ्यांनी ते वाक्य डोक्यात ठेवलं. मागनं लागती ना? मग ते बावीस वर्षं मागं लागले.

माझं काम वाढलं, पेन्शन काही लागली नाही. घरं रंगवणारा मी नव्हे, हे आधी सांगतो. कंपन्यांच्या शेड, गर्डर, पाइपलाइनी, मशिनी आणि शॉप फ्लोअरवरचे ते पिवळे पट्टे, ज्यांच्या आतून चाला असा बोर्ड असतो आणि ज्यांच्या आतून कुणीही चालत नाही, ते माझं काम. लोकांची दिवाळी असते तेव्हा कंपन्या बंद असतात, आणि कंपन्या बंद असतात तेव्हाच आम्हाला आत सोडतात. त्यामुळे मी बावीस वर्षांत एकाही दिवाळीला सासुरवाडीला गेलेलो नाही. सासूबाई डबा पाठवायच्या. त्या डब्यातल्या करंज्यांना दरवर्षी थिनरचा वास लागायचा, कारण आम्ही त्या तिथंच, ड्रमावर बसून खायचो.

उरलेला रंग माझ्यानं टाकवत नाही. त्यामुळे आमचं कवठ्याचं घर बाहेरून मशीन-ग्रे आहे. कंपाउंडला काळे-पिवळे तिरके पट्टे आहेत. स्वयंपाकघर पाण्याच्या पाइपलाइनीच्या हिरव्या रंगाचं, आणि एका वर्षी लाल जास्त उरला म्हणून जिना फायर लाइनच्या लालभडक रंगाचा. बायकोनं बावीस वर्षांत फिका पिवळा मागितला, गुलाबी मागितला, शेवटी नुसता पांढरा मागितला. "पांढऱ्याची ऑर्डर येऊ दे," असं मी म्हणत आलो. कंपन्यांत पांढरा फार कमी लागतो, त्याला मी काय करणार?

पेन्शनचंही असंच चाललं होतं. कंपनीत माणूस आत न्यायचा तर त्याचं पीएफचं चलन दाखवावं लागतं, नाहीतर गेट पास मिळत नाही. म्हणून माझ्या वीस-बावीस माणसांचा पीएफ दर महिन्याला वेळच्या वेळी जातो. मालकाचं चलन मात्र गेटवर कुणी मागत नाही. म्हणून ते नव्हतं. याच्यात मला कधी काही चुकतंय असं वाटलंच नाही, आणि वाटलं की मी नवीन कॉम्प्रेसर घ्यायचो.

मग गेल्या वर्षी आमच्या चाचांनी पेढे आणले. चाचा म्हणजे माझे सगळ्यात जुने पेंटर, बिहारकडचे. त्यांचं वय भरलं होतं आणि माझ्याच चलनांच्या जोरावर त्यांची पीएफची पेन्शन सुरू झाली होती. त्यांनी मला पेढा भरवला आणि अगदी प्रेमानं विचारलं, "सेठ, आपका कब चालू होगा?" सगळी पोरं हसायला लागली. मीही हसलो. चाचांना मी पेन्शन लावली आणि मलाच चाचांनी पेढा भरवला. त्या दिवशी परांचीवर चढताना गुडघा दुखला, तो काही पहिल्यांदा दुखला नव्हता, पण त्या दिवशी मी त्याच्याकडे लक्ष दिलं. मला सत्तेचाळीस संपत होतं.

त्याच आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, ते एकटेच दौंडला राहतात, ऐंशी ओलांडलीय. मी नेहमीच्या सवयीनं आधीच म्हणून टाकलं, "लागंल मामा."

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "माझ्या मोतीबिंदूचं आपरेशन झालं. आता बारीक अक्षर दिसतंय. यंदा यात्रंला येतो. कागद काढून ठिवा."

फोन ठेवला तर बायको समोर उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एरवी या विषयावर बोलत नाही, चेष्टाच करते. त्या दिवशी ती चेष्टा न करता म्हणाली, "त्यांचं वय झालंय. त्यांना एवढं एकदा बघून जाऊ द्या. तुमच्या तात्यांनी शब्द दिलाय." आणि मग म्हणाली, "आन् माझं पण वय होणारंय म्हटलं कवातरी."

कवठ्याच्या यात्रेला दोन महिने होते. बावीस वर्षांची थाप दोन महिन्यांत खरी करायची होती.

आता पेन्शन प्लॅन निवडायचा म्हणजे काय करायचं? आमच्या भागात त्याची रीत ठरलेली आहे. नात्यातला जो एजंट मार्चमध्ये आधी दारात येतो, त्याची पॉलिसी घ्यायची. "दादा, टार्गेटला एकच कमी पडतीय" असं म्हणत तो चहा पितो, आणि आपण नाही म्हटलं तर पुढच्या लग्नात त्याची आई आपल्याशी बोलत नाही. माझ्या पेटीत अशा चार पॉलिस्या निघाल्या. कशाच्या होत्या देव जाणे. एकीवर तर मी आजन्म निर्व्यसनी असल्याची माझी सही होती.

पण या वेळी माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी ठरवलं, पेन्शनची रीतसर खरेदी करायची. कंपनी जशी करते तशी. तीन कोटेशनं मागवायची.

माझ्या या आनंदाचं कारण कळायला परचेस डिपार्टमेंट माहीत पाहिजे. गेली बावीस वर्षं मी परचेसच्या बाकड्यावर बसलोय. गेटवर नाव लिहा, इन-टाइम लिहा, पास छातीला लावा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तासाभरानं आत बोलावतात. मी कोटेशनमध्ये सगळं लिहिलेलं असतं, गंज कसा काढणार, प्रायमर कोणता, कोट किती, किती वर्षं टिकेल. साहेब पहिलं पान उलटतात, दुसरं उलटतात, थेट शेवटच्या पानाच्या तळाशी जातात आणि म्हणतात, "खालचा आकडा कमी करा." मधलं कुणी वाचत नाही. मग एकच कोट मारणाऱ्याला काम जातं, वर्षात पापुद्रे निघतात आणि तेच साहेब मला फोन करून विचारतात, "असं कसं झालं हो?" या जमातीवर माझा फार जुना राग आहे. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा मी परचेस होणार होतो.

तिघांना रविवारी सकाळी दहाला बोलावलं. पहिला माझा चुलतभाऊ, विमा एजंट. दुसरा बायकोचा मावसभाऊ, दौंडला म्युच्युअल फंडाचं काम करणारा. तिसऱ्या शिरूरच्या एका बँकेतल्या मॅडम, अजून तिशीच्या आतल्या, ज्यांच्याकडे मी ओडीच्या, म्हणजे ओव्हरड्राफ्टच्या, कामाला जायचो.

व्हरांड्यात तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. दारात वही ठेवली, नाव, इन-टाइम, सही. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, मी इथंच जन्मलोय." मी म्हणालो, "सही करा." मग मी त्यांना उभ्यानं सेफ्टी इंडक्शन दिलं. आणीबाणीच्या वेळी गोठ्याच्या बाजूनं बाहेर पडायचं, असेंब्ली पॉइंट चिंचेखाली. आणि मी आत जाऊन पंख्याखाली पाऊण तास पेपर वाचला.

बायको चिडली. "घरच्या माणसांना भाईर बसवताय? लाज वाटती का?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," मी म्हणालो.

ती स्वतःच चहा घेऊन बाहेर गेली. माझ्या कानावर आलं, ती त्या बँकेच्या मॅडमशी बोलत होती आणि बराच वेळ बोलत होती. मी लक्ष दिलं नाही. परचेसनं व्हेंडर काय गप्पा मारतात ते ऐकायचं नसतं.

मग एकेकाला आत घेतलं. मेव्हण्याचा आकडा ऐकून मी खुर्चीतच ताठ झालो, पण त्या आकड्याच्या मागं एक बारीक चांदणीची खूण होती. चांदणीचा अर्थ काय विचारलं तर म्हणाला, "दाजी, मार्केटवर हाय ते. येईल बी, न येईल बी." दोन दिवाळ्यांपूर्वी बिल न देता बंद पडलेल्या एका कंपनीचा मालकही मला हेच म्हणाला होता. मेव्हणा बाद.

बँकेच्या मॅडमनी एक कागद आणला होता. त्यावर दोन रकाने. एकाच्या वर लिहिलं होतं 'फक्त तुम्ही', दुसऱ्यावर 'तुम्ही आणि तुमच्यानंतर मिसेस'. त्या दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून समजावून सांगायला लागल्या, "सर, हा मी तुमच्यासाठी योग्य समजते. यात तुमच्यानंतरही…"

मी कागद उलटला. तळाशी गेलो. "हा आकडा कमी आहे, मॅडम."

"हो सर, कारण यात तुमच्या मिसेसना आयुष्यभर…"

"स्पेसिफिकेशन चांगलंय तुमचं," मी मान मागं टाकून म्हणालो, "पण रेट बसत नाही." हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकत आलो होतो. ते म्हणताना इतकं बरं वाटतं, याची मला कल्पना नव्हती. मॅडमनी कागद घडी न घालता टेबलावर ठेवला आणि "विचार करा सर" म्हणून गेल्या. औट-टाइमची सही मात्र त्यांनी आठवणीनं केली.

चुलतभावाचा आकडा उरलेल्या दोघांत स्वच्छ वरचा होता आणि त्याला चांदणी नव्हती. मी त्याला शेवटी "अजून थोडं बघा" असंही म्हणून घेतलं, त्यात काही बघण्यासारखं नव्हतं तरी. मग त्याला ऑर्डर दिली, रीतसर लेटरहेडवर. पैसे भरले, सह्या केल्या, साठीपासून दर महिन्याला पेन्शन. आकडा सांगत नाही, भावकीत वाचलं जाईल. पंधरा दिवसांत पॉलिसीची जाडजूड फाइल घरी आली. मी ती उघडून तिसऱ्या पानाच्या तळाचा आकडा पाहिला आणि देवासमोर ठेवली.

यात्रेच्या आधी, एक तारखेला, मी पिकअप घेऊन सासऱ्यांना आणायला दौंडला गेलो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बँकेत गेलेत, आज पेन्शन. मी पायरीवर बसलो. एक तारीख म्हणजे सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत चालत जातात आणि चालत येतात, हे मला लग्नापासून माहीत होतं. रिक्षा या वाहनावर त्यांचा राग होता. चाळीस वर्षं रुळावरून चाललेल्या माणसाला बाजारापर्यंत जायला तीन चाकं कशाला लागतात, असं त्यांचं म्हणणं.

थोड्या वेळानं कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि सासरे उतरले. हातात उसाच्या रसाची पिशवी, वर बर्फ तरंगतोय. बर्फानं त्यांचा घसा बसतो, हे आख्ख्या घराला माहीत आहे. मला बघून ते जरा चमकले.

"रिक्षानं मामा?"

"ऊन हाय," ते म्हणाले. आणि लगेच, "लागली का?"

"लागली मामा!" मी म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो आणि माझा आवाज चिरकला. त्यांनी रस पेल्यात ओतला, अर्धा मला दिला आणि कपड्यांची पिशवी भरायला आत गेले.

चौफुला, न्हावरा, शिरूर करत संध्याकाळी कवठ्याला पोचलो. त्यांनी हात-पाय धुतले, कंपाउंडच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांकडे नेहमीसारखं तोंड वाकडं करून बघितलं, चहा घेतला आणि म्हणाले, "काढा."

मी फाइल काढली आणि तिसरं पान उघडून तळाच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं. पहिल्या पानावर गेले. आणि वाचायला लागले. कीमन वाचतो तसं वाचायला लागले, एकेक ओळ, बोट पुढं सरकवत, अडलं की मागं येऊन परत. मराठीतली वाचली, इंग्रजीतली आली की नातीला बोलावून वाचून घेतली. आमची मुलगी वाचायची, ते मान डोलवायचे. मी जांभया दिल्या, बाहेर जाऊन आलो. बायकोनं भाकऱ्या थापल्या. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"हे परत वाच गं."

मुलीनं वाचलं आणि मराठीत सांगितलं, "पेन्शनधारकाच्या हयातीपर्यंत. त्यानंतर कोणतीही रक्कम देय राहणार नाही."

"हयात कुणाची?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"माझी."

"आन् मागनं?"

मला उत्तर त्याच क्षणी कळलं. "मागनं बंद," मी म्हणालो.

"मंग तुम्ही गेल्याव हिनं काय करायचं? रांजणगावात पिवळं पट्टं मारायचं?"

चुलीजवळचा भाकरीचा आवाज थांबला. मी इतका ओशाळलो की माझ्या तोंडापुढं जिन्याचा लालही फिका पडला असता. मी खालचा आकडा बघितला होता. मधलं वाचलं नव्हतं. ज्या परचेसवाल्यांना मी बावीस वर्षं शिव्या घातल्या, त्यांच्यापेक्षा मी तसूभरही वेगळा वागलो नव्हतो, उलट त्यांच्यापेक्षा जास्त मजा घेऊन वागलो होतो. आणि जिनं मला बरोबर कोटेशन दिलं होतं, तिला मी रेट बसत नाही म्हणून घरी पाठवलं होतं.

सासरे ओरडले नाहीत. फाइल मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, बैठकीत मी पेन्शन इचारली ती तुमच्यासाठी न्हाई इचारली. तुम्ही काय, रंग मारून खाल. मी पोरीसाठी इचारली व्हती."

मग ते सासूबाईंबद्दल बोलायला लागले, जे ते तीन वर्षांत बोलले नव्हते. मलाही आठवत होतं. आल्यागेल्याला सासरे मोठ्या ऐटीत सांगायचे, "माझ्या माघारी हिला निम्मी मिळणार हाय." आणि सासूबाई सगळ्यांसमोर बोटांवर मोजत यादी सांगायच्या, "मिळू द्या तर! मी बाजारला रिक्षानंच जाणार. रसवंतीत बसून बर्फाचा रस पिणार. ह्यांच्या पाठी चालून चालून पायाचं तुकडं पडलं माझ्या." पाहुणे दचकायचे, सासरे मात्र खूश होऊन हसायचे. नवरा मेल्यावरची मौज अशी दारात बसून मोजणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"आधीच गेली," सासरे म्हणाले. "निम्मी तशीच ऱ्हायली. म्हून एक तारखंला तिची रिक्षा मी फिरवतो. तिचा रस पेतो. घसा बसतो, पर पेतो."

बायको पदरानं डोळे पुसत परत चुलीकडे गेली. मला सासूबाईंच्या करंज्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलतभावाला गाठला. यात्रेच्या गर्दीत, पाळण्यापाशी. "अरे, माझ्या माघारी वहिनीला काहीच नाही?"

"दादा, आमच्यात जॉइंटवाला बी हाय की. नवरा-बायको दोघांचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खालचा आकडा इचारला," तो म्हणाला.

हेच उत्तर मी परचेसला आजवर शंभर वेळा दिलेलं आहे. पॉलिसी पसंत नसेल तर परत करायची मुदत असते, ती अजून संपली नव्हती. त्यानंच बिचाऱ्यानं तो अर्ज भरून दिला, तोंड एवढंसं करून. पुढच्या मार्चमध्ये भरपाई म्हणून त्याची एक पॉलिसी घ्यावी लागली. पेटीत आता पाच पॉलिस्या आहेत.

नवीन ऑर्डर कुणाला द्यायची यावर आमच्यात चर्चा झाली नाही, कारण बायकोनं कॅलेंडरचं पान उलटलं. त्यावर त्या बँकेच्या मॅडमचा नंबर तिनं त्याच रविवारी लिहून घेतला होता. खाली दोन्ही रकान्यांतले आकडे, तिच्या अक्षरात. दुसऱ्याला गोल.

"तुला हे तेव्हाच कळलं होतं?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"साहेब मीटिंगमध्ये व्हते," ती म्हणाली.

मॅडमकडे मी स्वतः शिरूरला गेलो. त्यांनी मला बाकड्यावर पाऊण तास बसवलं. खरंच गर्दी होती की मुद्दाम, ते मी विचारलं नाही.

नव्या कागदावर दोघांची नावं आहेत. महिन्याचा आकडा पहिल्यापेक्षा कमी आहे, पण तो आधी आम्हा दोघांचा आणि मग उरेल त्याचा आहे. कागद आला तो घेऊन आम्ही दोघं एक तारखेला दौंडला गेलो. सासऱ्यांनी दारातच हात पुढं केला, पायरीवर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी घालून लेकीच्या हातात दिला, माझ्या नाही. लागली का, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. "चला, रस पिऊ," म्हणाले.

तिघं रिक्षात बसलो. बापलेक मागं, मी पुढं ड्रायव्हरला चिकटून. रेल्वेच्या पुलापाशी बायको मागून म्हणाली, "आण्णा, हे गेल्याव मी काय करणार, सांगू का?"

"सांग की."

"पहिल्या पेन्शनीत घराला रंग. पांढरा. आन् दुसरा कॉन्ट्रॅक्टर बोलावणार."

सासरे मोठ्यानं हसले. इतकं मोठ्यानं मी त्यांना सासूबाई गेल्यापासून हसताना ऐकलं नव्हतं. "बोलाव," ते म्हणाले, "पर तीन कोटेशनं घे. आन् मधलं वाच."

मागं मग कोणत्या खोलीला कोणता रंग, याची यादी सुरू झाली. रिक्षावाला माझ्याकडे चोरून बघत होता, हा माणूस इतका जिवंत असताना हे काय चाललंय म्हणून. मी पुढं बघत होतो. आयुष्यात मी बरीच कामं पूर्ण केली, पण माझ्याशिवायचं तिचं घर इतकं नीट रंगलेलं मला पहिल्यांदाच दिसलं. रसवंतीत गेल्यावर मी चार ग्लास सांगितले, बर्फ घालून. चौथा सासूबाईंचा.